पत्रा पुरवून वापरणारी माणसं

संपादकांनी यंदाचा विषय कळवला, 'घरात घडलेलं'. पापड-कुरडया, गोधड्या आणि शाडूचे गणपती यांवर दर दिवाळीला कोणी ना कोणी लिहितंच. मला काही वेगळं हवं होतं, आणि लेकीकडे अमेरिकेत, ऑरेगन राज्यात जायचं ठरलेलंच होतं. तिच्या ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांनी घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलंय, हे कानावर होतं. गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. "नाव तेवढं छापू नका, बाकी काय हवं ते विचारा," म्हणाले.

गॅरेजमध्ये मोटारीला जागाच उरलेली नाही. एका अंगाला स्टँडवर पंखाचा सांगाडा, मधे कामाचं टेबल, खाली कॉम्प्रेसर, कोपऱ्यात शेपटीचे तयार भाग. पाहुणे आले की पंखापुढेच रेंगाळतात. यजमानांनी मात्र मला थेट मागच्या भिंतीकडे नेलं. तिथं पीव्हीसीचे पाइप आडवे ठोकलेले होते आणि प्रत्येकातून ॲल्युमिनियमच्या अँगलची, पट्ट्यांची, ट्यूबची टोकं बाहेर आलेली. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं लिहिलेला मजकूर. "पंख काय, कोणीही जोडेल. भोकं कंपनीनंच पाडून दिलीत," ते म्हणाले. "माणूस अडतो तो इथं."

खोक्याच्या तळाशी

पोर्टलंडच्या दक्षिणेला ऑरोरा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या विमानतळावर व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे. यजमानांचा संच तिचाच. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी ती १९७३ मध्ये सुरू केली. तिच्या 'आरव्ही' मालिकेतली ११ हजारांहून अधिक विमानं लोकांनी स्वतः बांधून उडवली आहेत. विमानाचा संच टप्प्याटप्प्यानं घेता येतो. आधी शेपूट, मग पंख, मग धड, शेवटी काच, चाकं वगैरे. इंजिन वेगळं. पैसे आणि उत्साह यांचा अंदाज शेपटीवरच येत असल्यामुळे ही पद्धत सगळ्यांनाच सोयीची.

लाकडी खोकं उघडलं की वर दिसतो तो पातळ पत्रा. संरक्षणासाठी त्यावर प्लॅस्टिकची फिल्म असते. जाडी जेमतेम अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरची. संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं त्याला शेकडो भोकं अशी पाडलेली असतात की दोन भाग एकमेकांवर धरले की भोकाला भोक जुळतं. त्यांत 'क्लेको' नावाच्या स्प्रिंगच्या खुंट्या खोचायच्या, म्हणजे सांगाडा आपोआप सरळ उभा राहतो. ३/३२ इंचाला चंदेरी क्लेको, १/८ इंचाला तांबूस. जुन्या आरव्ही बांधणाऱ्यांना हे सुख नव्हतं. त्यांना आधी लाकडाचा किंवा लोखंडाचा मोठा साचा उभारावा लागे आणि भोकं स्वतः आखावी लागत.

हे सगळं उचलून झालं की खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेला एक लांबट भारा सापडतो. हा कच्चा माल. अँगल, पट्टी, ट्यूब, क्वचित कोऱ्या पत्र्याचा तुकडा. यातला एकही भाग तयार नसतो. कुठला अँगल कुठे कापायचा, कोपरे किती गोल करायचे, भोक कडेपासून किती आत, हे नकाशात दिलेलं असतं. करायचं मात्र आपण.

कारखान्यात एवढी महागडी यंत्रं असताना हेही कापून का देत नाहीत, असं मी विचारलं. काही तुकडे जागेवर लावून, घासून बसवावे लागतात, हे एक कारण. दुसरं कायद्यातलं. अमेरिकेत घरगुती विमानाला 'प्रायोगिक' वर्गात परवानगी मिळते ती एका अटीवर. विमानाचा बहुतांश भाग हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी ते बांधणाऱ्यांनीच घडवून जोडलेला असला पाहिजे. बोलताना सगळे याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. म्हणून तपासनीस येतो तेव्हा त्याला दाखवायला रोजच्या कामाची वही आणि फोटो लागतात. करवतीनं कापलेला अँगल हातात धरून काढलेला फोटो त्या वहीत भाव खाऊन जातो.

चिकटपट्टीवरचा मजकूर

एका टोकावर लिहिलेलं होतं, 'एए६-१२५×३/४×३/४'. यजमानांनी फोड करून सांगितली. पहिला 'ए' ॲल्युमिनियमचा, दुसरा अँगलचा. सहा म्हणजे ६०६१-टी६ हा मिश्रधातू. १२५ म्हणजे जाडी ०.१२५ इंच, आणि पुढे दोन्ही बाजूंची रुंदी पाऊण-पाऊण इंच. "म्हणजे आपला एक सूत जाडीचा पाऊण इंची अँगल," ते हसले. शाळा-कॉलेज मिलिमीटरमध्ये झालं, पण वडिलांच्या वर्कशॉपमध्ये सगळा कारभार सुताचा. अमेरिकन नकाशे वाचताना ते सूतच कामी आलं. ट्यूब असेल तर 'एटी', पत्रा असेल तर 'एएस', आणि सहाच्या जागी तीन आला तर धातू २०२४-टी३.

हा आकडा का जपायचा? कारण २०२४ आणि ६०६१ शेजारी ठेवले तर डोळ्यांना काही कळत नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही हलके. पण २०२४ मध्ये सुमारे साडेचार टक्के तांबं असतं. तो ताकदीला जास्त, वारंवार बसणाऱ्या ताणाला चिवट, म्हणून पंखाच्या कातडीसाठी आणि मुख्य तुळईसाठी त्याला पसंती. त्याची खोड म्हणजे तो लवकर गंजतो. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. ताकद कमी, पण गंज सोसतो आणि वेल्डिंग घेतो. टी३, टी६ ही शेपटी सांगते ती धातूला दिलेल्या उष्णतेची आणि मुरवणीची हकिगत.

चिकटपट्टी निघून गेली आणि तुकडा ओळखू येईना, तर एक जुनी युक्ती आहे. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाचा थेंब कापलेल्या कडेवर टाकायचा. तांब्याचा अंश भरपूर असेल तर तिथं काळा डाग पडतो. पत्र्याच्या वरच्या बाजूला टाकून उपयोग नाही, कारण विमानाच्या २०२४ पत्र्यावर बहुधा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. अशा पत्र्याला 'अल्क्लॅड' म्हणतात. थर काळा पडत नाही, आतला गाभा पडतो. या परीक्षेतून जात कळते, पण उष्णतेची हकिगत कळत नाही. म्हणून यजमानांचा नियम सरळ आहे. ज्याची खात्री नाही, तो तुकडा विमानात जात नाही. तो सरावाच्या डब्यात.

घरगुती विमानाला तिथल्या कायद्यानं प्रत्येक तुकड्याचा दाखला लागत नाही. प्रवासी विमानं बनवणाऱ्या कारखान्यात लागतो. पत्र्याचा कुठला घाणा, कुठली तुकडी, इथपर्यंत माग ठेवावा लागतो. गॅरेजमध्ये तो माग ठेवणारा एकच माणूस आणि त्याची चिकटपट्टी. आत बसणारा पहिला माणूसही तोच, त्यामुळे आळस सहसा होत नाही.

शनिवारी मऊ, सोमवारी कडक

ॲल्युमिनियमचं विमानाशी नातं जुनं आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात सांगाडा लाकडाचा होता, पण इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं होतं आणि त्यात तांबं मिसळलेलं होतं. पत्र्यासारख्या कामाला मात्र ॲल्युमिनियम फार मऊ. ही अडचण सोडवली जर्मनीतल्या आल्फ्रेड विल्म यांनी. १९०६ मध्ये त्यांनी तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू तापवून पाण्यात विझवला. शनिवारी मापलेला कडकपणा सोमवारी पुन्हा मापला तर वाढलेला, असा किस्सा सांगतात. धातू नुसता पडून राहिला आणि कडक झाला. ड्युरेन गावच्या कारखान्यानं हा शोध बाजारात आणला आणि त्याला नाव पडलं ड्युरॅल्युमिन. आजचा २०२४ याच घराण्यातला.

या कडकपणाची किंमत बांधणाऱ्याला मोजावी लागते. धातू जेवढा कडक, तेवढी त्याला चूक कमी सोसते. पत्रा फार अरुंद वळणानं दुमडला की बाहेरच्या बाजूला बारीक तडा जातो. लाटताना पत्रा ज्या दिशेनं ओढला गेला, त्या दिशेला आडवी घडी घातलेली बरी. दिशा कशी ओळखायची? कारखान्याचा शाईचा शिक्का ज्या रेघेत छापलेला असतो, ती बहुतेकदा लाटण्याची दिशा. म्हणून जाणते लोक तो शिक्का पुसत नाहीत.

अल्क्लॅडवर सुईनं आखायचं नाही. रेघ थर कापून आत जाते आणि पुढे तिथूनच गंज किंवा तडा सुरू होतो. शिसपेन्सिलही चालत नाही, कारण ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सगळं आखणं मार्करनं, आणि मार्करची रेघ जाड. कापताना ती रेघ ठेवायची की घालवायची, हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

लांब आधी

आता मूळ मुद्द्यावर येतो. नकाशाच्या पानाप्रमाणे काम करत गेलं तर छोटा तुकडा कधी आधी येतो, लांब तुकडा कित्येक महिन्यांनी. दोन्ही एकाच अँगलमधून निघायचे असतात. कोऱ्या करकरीत अँगलवर हात पडला की नवशिका त्यातूनच छोटा तुकडा कापून मोकळा होतो.

समजा ३६ इंचांचा अख्खा अँगल आहे आणि त्याच मापाचा १० इंचांचा एक उरलेला तुकडा. आज हवाय साडेनऊ इंचांचा भाग. पुढे कधीतरी साडेचौदा आणि साडेबाराचे दोन हवे आहेत. आजचा भाग अख्ख्या अँगलमधून काढला, तर मागे साडेसव्वीस उरतात. पुढच्या दोघांना लागतात २७, शिवाय पात्याची जाडी आणि कानशीनं घासून जाणारा भाग वेगळा. अर्ध्या इंचाहून अधिक कमी पडलं. आणि १० इंचांचा तुकडा बसलाय तसाच कोपऱ्यात. तोच आज वापरला असता तर सगळं निभावलं असतं.

अर्धा इंच कमी पडला तर थोडा आखूड भाग लावून का नाही चालत? इथं भाग एकमेकांना जोडणाऱ्या रिव्हेटचा हिशेब आडवा येतो. रिव्हेटच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट धातू हवा. १/८ इंचाच्या रिव्हेटला पाव इंच. त्याहून कमी राहिला तर ताण आल्यावर भोक कडेकडे फाटतं. भाग दिसायला चपखल बसला तरी तो बाद.

म्हणून यजमानांनी पहिल्याच महिन्यात एक काम केलं, जे बरेच जण करत नाहीत. सगळ्या नकाशांची पानं चाळून, कच्च्या मालातून निघणारा प्रत्येक भाग एका वहीत उतरवला. एकेका अँगलसाठी वहीत एक आडवी रेघ, तिच्यावर भागांची मापं, मधे पात्याची फट, शेवटी उरणारं माप. आधी लांब भागांच्या जागा राखून ठेवायच्या, मग उरलेल्यात लहान बसवायचे. आपल्याकडे शिंपी खणातून चोळी बेततो तेव्हा आधी पाठ आणि बाही काढतो आणि चिंध्यांतून पट्ट्या, तेच हे. काही भाग तर त्यांनी एका दिवसात मापापेक्षा सूतभर मोठे कापून, नावं घालून ठेवले. शेवटचं घासणं जागेवर.

कापण्याचं काम बँडसॉवर. पाहताना मला वाटलं, झालं. पण खरा वेळ पुढे जातो. कडेवर पात्याच्या खुणा असतात, त्या प्रत्येकीतून तडा सुरू होऊ शकतो. कानशीनं त्या घालवायच्या, मग कडेची धार मोडायची, मग बारीक चाकावर चकचकीत करायची. साध्या दगडी ग्राइंडरवर ॲल्युमिनियम घासायचं नाही. मऊ धातू दगडात भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. कानसही भरते. व्हिडिओ कॉलवर वडिलांनी हे पाहिलं आणि कोल्हापुरातून आवाज आला, "आरं, कानशीला आधी खडू लाव की!" तेव्हापासून टेबलावर खडूची पेटी आहे. लोखंडाच्या कामाच्या कानशी वेगळ्या डब्यात. लोखंडाचा कीस ॲल्युमिनियममध्ये रुतला की तिथं गंजाचं बी पेरलं जातं.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक गन धरणारा, दुसरा मागून पोलादी ठोकळा टेकवणारा. ठोकळा यजमानांच्या पत्नीकडे. "ह्यांच्या वहीत माझं नाव पण लिहिलंय बघा," त्या म्हणाल्या. वहीतल्या त्यांच्या तासांचा आकडा यजमानांपेक्षा फारसा मागे नव्हता.

भिंत, फरशी, पाऊस

ऑरेगनचा हिवाळा ओला. कच्चा माल वर्षानुवर्षं पडून राहणार, तेव्हा ठेवण्याची पद्धतच महत्त्वाची ठरते. सिमेंटच्या फरशीवर पत्रा ठेवायचा नाही. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, ते ॲल्युमिनियमला खातं. ओल्या पुठ्ठ्यात गुंडाळलेला मालही तसाच आतून डागाळतो. मोठे पत्रे उभे, मधे जुन्या गालिच्याचे तुकडे. प्लॅस्टिकची फिल्म ओरखड्यांपासून वाचवते, पण फार काळ राहिली तर तिचा डिंक घट्ट होतो आणि खाली ओलावा अडकला तर दिसत नाही. काही जण तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक गुळगुळीत करून रिव्हेटच्या ओळीपुरतीच पट्टी सोलून काढतात, बाकी फिल्म तशीच.

प्रायमर लावायचा की नाही, कोणता, यावर विमान बांधणाऱ्यांत जी भांडणं होतात त्यांत मी पडत नाही. एवढं खरं की कापलेली कड उघडी असते, अल्क्लॅडचा थर तिथं नसतो.

मालाची नोंद ठेवण्याचं महत्त्व २०२३ मध्ये सगळ्यांनाच कळलं. व्हॅन्सनं काही काळ भोकं पंचऐवजी लेसरनं कापलेले भाग दिले होते. भोकाच्या कडा रिव्हेटच्या डोक्यासाठी दाबून खोलगट करताना त्यांतल्या काहींना बारीक तडे जात असल्याचं बांधणाऱ्यांना दिसलं. कुणाकडे कुठल्या तारखेचे भाग आले आणि ते कुठे लावले, हे ज्यांनी लिहून ठेवलं होतं त्यांची छाननी पटकन झाली. बाकीचे टॉर्च आणि भिंग घेऊन बसले. या आणि इतर कारणांनी कंपनी अडचणीत आली. त्या डिसेंबरात तिनं दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज केला आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली.

संचच नसेल तर

मिझुरी राज्यातल्या मेक्सिको नावाच्या गावी झेनिथ ही कंपनी आहे. क्रिस हाइंट्झ यांनी रचलेल्या तिच्या विमानांचे नुसते नकाशे घेऊन, बाजारातून पत्रा आणून बांधणारेही आहेत. त्यात बहुतेक काम ६०६१ चं. पत्रा येतो ४ फूट बाय १२ फूट. तिथं वहीतली रेघ पुरत नाही, पत्र्याचाच नकाशा काढावा लागतो. आधी पंखाची लांब कातडी, तिच्या बाजूला फासळ्या, कोपऱ्यांत जोडपट्ट्या. फासळी वळवून तिची घडी लाटण्याच्या दिशेला समांतर घेतली तर जागा वाचते, पण घडी कमकुवत होते. तेव्हा जागा सोडायची, घडी नाही.

या वाटेनं गेलेलं आपलं उदाहरण म्हणजे मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत चारकोपला पाच मजली इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. २०१७ मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उडवण्याची परवानगी मिळाली. त्या बातम्यांत गच्ची, जिद्द आणि सरकारी कागद यांचीच चर्चा झाली. मला आता उत्सुकता आहे ती गच्चीवरच्या पत्र्याची. संच घेणाऱ्याला कच्चा माल थोडा, तयार भाग जास्त. यादवांना सगळाच कच्चा माल. तो समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत, मुंबईच्या पावसात, गच्चीवर सांभाळायचा. हे काम कोणी नीट लिहून ठेवायला हवं.

आपल्याकडे हात कमी नाहीत. उद्यमनगरात, भोसरीत, साताऱ्यात असे कारागीर आहेत की पाऊण इंची अँगल त्यांच्यापुढे काहीच नाही. अडतं ते पुढे. मुंबईत कुंभारवाड्यात ॲल्युमिनियम हवा तेवढा मिळतो, पण तो खिडकीच्या चौकटीचा की विमानाच्या जातीचा, हे सांगणारा कागद बरोबर मिळायला हवा. तो नसेल तर कितीही सफाईनं कापलेला तुकडा सरावाच्याच डब्यात जातो.

तेव्हा यातून कुणाला हुरूप आला असेल तर एक विनंती. इंजिन कुठलं, वेग किती, ही चौकशी नंतर करा. आधी एखादा फुटाचा ६०६१ चा अँगल दाखल्यासकट मिळवा, करवत-कानशीनं त्याचा एक भाग नकाशाबरहुकूम काढा, आणि उरलेल्या तुकड्यावर त्याच दिवशी जात आणि जाडी लिहून ठेवा. दोन आसनी विमानाला असे दीड-दोन हजार तास लागतात, असं बांधणारे सांगतात. एका तुकड्याला तुम्हाला किती वेळ लागला, ते घड्याळ लावून बघा.